आतुराची साक्ष

कार्ल्याचें लेणें पाहून परतणारे प्रवासी बेडशाकडे सहसा वळत नाहींत. पुणें-मुंबई लोहमार्गावरील कामशेत स्टेशनापासून पवन मावळाकडे निघालें, म्हणजे बेडसें गांव लागतें. आणि गांवामागच्या डोंगरांत पुष्कळशा पायऱ्या चढून गेल्यावर हें लेणें दृष्टीस पडतें. चैत्यगृहापुढचा कातळ कारागिरांनीं सगळा काढून टाकिला नाहीं. त्यामुळें एका अरुंद बोळांतून आंत शिरावें लागतें, आणि मग एकाएकीं ते उंच स्तंभ व त्यांच्या माथ्यावरचीं, घोड्यांवर, हत्तींवर नि बैलांवर बसलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं समोर येतात. शेजारचा विहारही निराळ्या धाटणीचा आहे. त्याचा मागचा भाग चैत्याप्रमाणें अर्धवर्तुळाकार असून छत कमानदार आहे, आणि भोंवतीं भिक्षूंच्या निजण्याच्या खोल्या आहेत. हें काम इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतलें असावें, असें विद्वान् मानितात.

येथें तीन लहान ब्राह्मी लेख वाचावयास मिळतात. एकांत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा उल्लेख आहे. दुसरा पाण्याच्या टाक्यावर असून, महाभोजाची कन्या व अपदेवणकाची पत्नी महारठिनी सामडिनिका हिनें तें दिल्याचें तो सांगतो. तिसरा एका लहानशा स्तूपामागें आहे. अरण्यांत राहणारा व केवळ भिक्षेवर निर्वाह करणारा गोभूति नांवाचा एक स्थविर; त्याचा हा स्तूप त्याच्या असाळमित नामक शिष्यानें करविला. राजकन्येचें नांव राहिलें, सावकाराच्या मुलाचें राहिलें आणि एका भिक्षेकऱ्याचेंही राहिलें. परंतु शिलालेखांत दानें येतात, दुखणीं येत नाहींत. गोभूतीसारखा घरदार सोडलेला मनुष्य मावळांतल्या पावसाळ्यांत अंथरुणास खिळला, म्हणजे त्याला काय होतें आहे हें कोणीं विचारावें, आणि त्यानें तें कसें सांगावें? या प्रश्नाचें उत्तर दगडावर नसलें, तरी ग्रंथांत आहे. आणि आज जगांतील मोठमोठीं इस्पितळें ज्या प्रश्नाशीं झटत आहेत, तो हाच असल्यामुळें त्या जुन्या उत्तराकडे लक्ष देणें निष्फळ होणार नाहीं.

ज्या भिक्षुसंघासाठीं हीं लेणीं खोदलीं गेलीं, त्याचे नियम पाली भाषेंतील विनयपिटकांत ग्रथित झालेले आहेत. धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनामुळें मराठी वाचकांस ते अपरिचित नाहींत. त्यांपैकीं महावग्ग नामक भागांत अशी कथा आहे कीं, एक भिक्षु पोटाच्या विकारानें आपल्याच मलमूत्रांत पडून राहिला होता. बुद्ध व आनंद विहारांतून फिरत असतां त्यांच्या तो दृष्टीस पडला. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाहीं काय, असें विचारतां तो म्हणाला कीं, मी इतर भिक्षूंच्या कांहीं उपयोगी पडत नाहीं, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहींत. मग बुद्धानें पाणी ओतलें, आनंदानें त्याचें अंग धुतलें आणि दोघांनीं त्याला उचलून मंचकावर निजविलें. नंतर संघ जमवून बुद्धानें भिक्षूंस बजाविलें कीं, तुम्हांस आई नाहीं, बाप नाहीं. तुम्हींच एकमेकांची सेवा केली नाहीं, तर ती कोण करणार?

ही कथा पुष्कळांस ठाऊक असते. तिच्या पाठोपाठ आलेल्या याद्यांकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. कोणत्या रोग्याची शुश्रूषा करणें कठीण, हें सांगतांना तेथें पांच दोष दिले आहेत. अपथ्य करणारा, पथ्यांतही प्रमाण न जाणणारा, औषध न घेणारा आणि वेदना सहन न करणारा, हे चार दोष कोणाही परिचारकाच्या तोंडून आपण ऐकतों. उरलेला दोष असा कीं, आपलें हित इच्छिणाऱ्या परिचारकास जो आपल्या दुखण्याची खरी स्थिति सांगत नाहीं. म्हणजे दुखणें वाढत असतां वाढतें आहे, उतरत असतां उतरतें आहे, आणि जसेंच्या तसें असतां तसेंच आहे, असें जो कळवीत नाहीं. नियम घालणाराची दृष्टि किती बारीक होती, हें यावरून दिसून येईल. रोग्यानें नुसतें 'दुखतें' म्हणणें त्याला पुरेसें वाटलें नाहीं. कालच्या मानानें आज काय, हें त्यानें सांगितलें पाहिजे.

पाली सुत्तांत आजाऱ्याच्या समाचारास जाणाऱ्याचे प्रश्नही ठरलेले दिसतात. अनाथपिंडिक श्रेष्ठी अंत्यशय्येवर असतां सारिपुत्त त्याच्याकडे गेला, तेव्हां त्यानें हेच प्रश्न विचारिले, आणि दुसऱ्या कित्येक प्रसंगीं तेच आढळतात. सोसवतें आहे काय? दिवस निभावतो आहे काय? वेदना ओसरत आहेत कीं चढत आहेत, आणि तें स्पष्ट जाणवतें काय? वेदनेची तीव्रता, दैनंदिन जीवनाचा निभाव आणि कालानुसार होणारा पालट, हीं तिन्ही अंगें या चार वाक्यांत आलीं आहेत. प्रश्न सर्वांस एकच असल्यामुळें एकाचें उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशीं ताडून पाहतां येतें. उत्तरेंही साचेबंद असलीं तरी निर्जीव नाहींत. कोणी बळकट पुरुषानें तीक्ष्ण शस्त्राच्या टोंकानें डोकें विंधावें, चामड्याच्या पट्ट्यानें तें आवळावें, खाटकानें सुरीनें पोट कापावें, दोघांनीं धरून निखाऱ्यांच्या खळग्यावर भाजावें, अशा चार उपमा तेथें येतात. विंधणें, आवळणें, कापणें आणि भाजणें! इसवी सन १९७५ मध्यें माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञानें वेदना मोजण्याची जी प्रसिद्ध प्रश्नावली रचिली, तिच्यांत वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लाविले आहेत. आणि त्या गटांत हे चारही प्रकार निरनिराळे मांडलेले आहेत.

आतां आयुर्वेदाकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी, आणि प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याचे गुण म्हणजे स्मृति, वैद्याच्या आज्ञेप्रमाणें वागणें, निर्भयता आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्या रोगाचें ज्ञान दुसऱ्यास करून देण्याचें सामर्थ्य. वाग्भटानें रोगीपरीक्षेचे दर्शन, स्पर्शन व प्रश्न असे तीन मार्ग सांगितले, आणि सुश्रुतानें पांच ज्ञानेंद्रियांच्या जोडीस प्रश्न हें सहावें साधन मानिलें. विहारांतला नियम आणि वैद्यांचें शास्त्र हीं दोन्ही येथें एका मुद्यावर येऊन मिळतात. रोग्याच्या शरीराची जागा रोग्यापेक्षां वैद्यास अधिक कळत असेल. परंतु त्या जागीं काय होतें आहे याचा एकुलता एक साक्षीदार रोगीच होय.

ही साक्ष पुढें मागें पडली, त्यास कारणेंही सबळ होतीं. फ्रान्समध्यें लेनेक यानें १८१६ सालीं स्टेथॉस्कोप शोधून काढिला, तेव्हांपासून छातींतलें दुखणें रोग्याला न विचारतां ऐकूं येऊं लागलें. जर्मनींत वुंडरलिश यानें सहस्रावधि रोग्यांचें उष्णमान नोंदून १८६८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ताप आंकड्यांत बोलूं लागला. १८९५ सालीं राँटगेनचे क्ष-किरण आले. या साधनांनीं असंख्य जीव वांचविले, आणि त्यांची थोरवी कमी लेखण्याचें कोणासही कारण नाहीं. रोगी चुकतो, भितो, विसरतो. यंत्र यांतलें कांहीं करीत नाहीं. पण हळूहळू अशी समजूत रूढ झाली कीं, जें यंत्रांत दिसतें तें सत्य, आणि जें रोगी सांगतो ती नुसती तक्रार.

या समजुतीचा एक बोलका नमुना न्यूयॉर्क येथील मेमोरियल इस्पितळांत सांपडतो. तेथील डेव्हिड कार्नोफ्स्की यानें जोसेफ बर्चेनाल याच्यासह १९४९ सालीं एक मापपट्टी प्रसिद्ध केली. कर्करोगावरचें औषध दिल्यावर रोगी कितपत हिंडूंफिरूं लागला, याला शंभरांपैकीं गुण द्यावयाचे: पूर्ण निरोगी शंभर, मृत शून्य. गांठ किती आटली याबरोबर माणूस कितपत उभा राहिला हेंही मोजावें, हा विचार त्या काळीं मोठा पुढारलेला होता. मात्र गुण द्यावयाचे ते वैद्यानें. त्याच सुमारास, १९४८ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेची घटना अंमलांत आली आणि तिनें शरीर, मन व समाजजीवन या तिहींच्या स्वास्थ्यास आरोग्य असें नांव दिलें. मनाचें स्वास्थ्य मोजावयाचें, तर तें दुसरा कसें मोजणार? १९८८ सालीं लंडनमध्यें स्लेव्हिन व त्याचे सहकारी यांनीं कर्करोगाच्या रोग्यांचें जीवनमान रोग्यांकडून व डॉक्टरांकडून वेगवेगळें मोजविलें, तेव्हां दोघांच्या उत्तरांचा मेळ नीटसा बसला नाहीं. हें माप रोग्याच्याच हातीं द्यावें, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तोंपर्यंत ती वाट पडूं लागलीच होती. पाठीच्या दुखण्यासाठीं इंग्लंडांतील ऑस्वेस्ट्री येथील प्रश्नावली १९८० सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १९९२ मध्यें सर्वसाधारण आरोग्याची छत्तीस प्रश्नांची, १९९३ मध्यें कर्करोगाची तीस प्रश्नांची, आणि १९९६ व १९९८ मध्यें ऑक्सफर्डची अनुक्रमें खुब्याच्या व गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची प्रत्येकीं बारा प्रश्नांची, अशा प्रश्नावली आल्या.

प्रश्नावली करणें हें वरवर दिसतें तितकें सोपें काम नव्हे. प्रथम त्या रोगाच्या माणसांशीं बसून, रोगानें आपलें काय काय हिरावून घेतलें हें त्यांच्याच शब्दांत टिपावें लागतें. त्या ढिगांतून सर्वांस कळतील असे थोडे प्रश्न निवडावयाचे. मग त्यांची पारख. प्रकृति पालटली नसेल, तर थोड्या दिवसांनीं पुन्हां विचारतां तेंच उत्तर आलें पाहिजे. सुधारली असेल, तर आंकडा सुधारला पाहिजे. आणि बिघडली असेल, तर तोही बिघडला पाहिजे. वाढतें तें वाढतें, उतरतें तें उतरतें, आणि तसेंच असेल तर तसेंच, हा विहारांतला नियमच येथें कसोटी होऊन बसला आहे. फरक इतकाच कीं, विनयानें ही कसोटी रोग्यास लाविली होती. आज ती प्रथम प्रश्नास लावितात.

या मोजमापाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनें एप्रिल २००९ पासून खुबा, गुडघा, अंतर्गळ आणि पायांच्या फुगलेल्या शिरा, या चार शस्त्रक्रियांच्या रोग्यांस शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर कांहीं महिन्यांनीं अशा प्रश्नावली देण्यास आरंभ केला. पैकीं शेवटल्या दोहोंसाठीं ती प्रथा २०१७ सालीं थांबली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असें शल्यवैद्यानें म्हणणें एक, आणि मला आतां जिना चढतां येतो असें रोग्यानें म्हणणें दुसरें. हा भेद तेथें सरकारी दप्तरांत शिरला. याहूनही नवल वाटण्याजोगी गोष्ट न्यूयॉर्कला, कार्नोफ्स्कीच्याच त्या इस्पितळांत घडली. शरीरभर पसरलेल्या कर्करोगावर औषधोपचार घेणाऱ्या ७६६ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. एका गटांतील रोगी आपलीं बारा लक्षणें वेळोवेळीं कॉम्प्यूटरवर स्वतः नोंदवीत, आणि कांहीं बिघडलें कीं परिचारिकेस इशारा जाई. दुसऱ्या गटास नेहमींचे उपचार. २०१७ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हां पहिल्या गटाचें मध्यम आयुर्मान ३१.२ महिने आणि दुसऱ्याचें २६ महिने भरलें. औषधें दोन्ही गटांस आपापल्या रोगाप्रमाणें मिळतच होतीं. वेगळें होतें तें विचारणें आणि वेळेवर ऐकणें.

महाराष्ट्रांत हें काम मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळांत विशेष झालें. १९४१ सालीं उघडलेल्या या इस्पितळांतील शल्यवैद्यांनीं डोकें व मान यांच्या कर्करोगाच्या रोग्यांवर युरोपीय प्रश्नावली पारखून त्याविषयींचा निबंध २००५ सालीं प्रसिद्ध केला. ऑस्वेस्ट्रीच्या प्रश्नावलीचा मराठी पाठही पारखला जाऊन २०१३ सालीं मान्य झाला. असा पाठ तयार करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. एकानें इंग्रजींतून मराठींत आणावयाचें. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानें तें पुन्हां इंग्रजींत न्यावयाचें. दोन्हींत कोठें अंतर पडलें तें ताडावयाचें. आणि शेवटीं रोग्यांसमोर ठेवून त्यांस काय कळलें हें पाहावयाचें.

एवढें करूनही भाषांतराची एक अडचण उरतेच. छत्तीस प्रश्नांच्या मूळ इंग्रजी प्रश्नावलींत मध्यम श्रमाचें उदाहरण म्हणून गोल्फ खेळण्याचा उल्लेख आहे. तो आपल्याकडे बदलावा लागणार, हें उघडच दिसतें. ऑक्सफर्डच्या गुडघ्याच्या प्रश्नावलींत गुडघे टेकून पुन्हां उठतां येतें काय, असा प्रश्न आहे. पण मांडी घालून पंगतीस बसतां येतें काय, शौचास उकिडवें बसतां येतें काय, हे प्रश्न नाहींत. आपल्याकडे गुडघा दुखूं लागला, कीं मनुष्य प्रथम देवपूजेच्या पाटावरून आणि पंगतींतून उठतो, आणि तें त्याला चालण्याहून अधिक लागतें. शब्दांचेंही तेंच. दाढेचा ठणका, गळवाची ठसठस, पोटांतली कळ, पाठींतली उसण, पोटऱ्यांतले गोळे, जखमेची चरचर, तळपायांची आग, हीं सर्व एका 'वेदना' शब्दांत कोंबलीं, तर रोग्याची अर्धी साक्ष तेथेंच बुडाली. 'करमत नाहीं' या आपल्या दोन शब्दांस इंग्रजींत जोड सांपडत नाहीं. आणि मन खचल्याची पहिली खूण पुष्कळदां त्यांतच असते. मापपट्टीचीही गोष्ट अशीच. शून्य ते दहा हा आंकडा ज्यांच्या जिभेवर बसत नाहीं, अशीं जुनीं माणसें 'औषधानें बारा आणे गुण आला' असें सहज सांगतात. सोळांपैकीं बारा, म्हणजे हें मापच झालें!

येथवर रोगी सांगतो, असें आपण गृहीत धरिलें. पण जो सांगतच नाहीं, त्याचें काय? बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ सालीं, कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथें झालेल्या पाहणीचे आंकडे अमर्त्य सेन यांनीं पुढें चर्चेस आणिले. आपण आजारी आहों किंवा आपली प्रकृति बेताची आहे, असें सांगणारे विधुर शेंकडा ४८.५ निघाले, विधवा शेंकडा २.५. दुष्काळानें विधवांस वगळलें होतें, असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांना प्रकृतीविषयीं तक्रार करण्याची संवयच राहिली नव्हती. आपल्या गडचिरोलींतील गोष्ट याहून जवळची आहे. डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनीं तेथील दोन गांवांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत निष्कर्ष दिले. शेंकडा ५५ स्त्रियांनीं स्त्रीरोगांच्या तक्रारी सांगितल्या. प्रत्यक्ष तपासणींत शेंकडा ९२ जणींस एक ना एक विकार आढळला. आणि यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या अवघ्या शेंकडा ८ होत्या. शिक्षण व वैद्यकीय मदत जेथें अधिक पोंचली, त्या केरळांत लोक आपणांस आजारी म्हणण्याचें प्रमाण अधिक, आणि बिहारमध्यें कमी. आयुर्मान मात्र केरळांत अधिक. हेंही सेन यांनीं २००२ सालीं दाखवून दिलें आहे.

यावरून दोन बोध घ्यावयाचे. एक हा कीं, रोग्याच्या शब्दानें तपासणीची जागा घ्यावयाची नाहीं. दोन्ही साक्षी एकत्र तोलल्या पाहिजेत. दुसरा अधिक महत्त्वाचा. प्रश्नावलीच्या आंकड्यांवरून उद्यां कोणत्या उपचारास पैसा द्यावा हें ठरूं लागलें, तर जो बोलतो त्याच्या पदरांत पडेल आणि जो सोसतो त्याचा वांटा जाईल. आपल्या घराघरांतून ही गोष्ट रोज घडते. सून विचारते, "सासूबाई, बरें वाटतें का?" आणि रात्रभर तळमळलेली सासू "मला काय धाड भरली आहे?" म्हणून चुलीकडे वळते. त्या उत्तरांत अभिमान असतो, संकोच असतो, आणि आपलें दुखणें कोणास जड होऊं नये अशी काळजीही असते. महावग्गांतल्या त्या भिक्षूनेंही, मी कोणाच्या उपयोगाचा नाहीं, असेंच म्हटलें होतें.

म्हणून ज्ञापकत्व हा एकट्या रोग्याचा गुण मानून चालणार नाहीं. विनयांतला तो दोष पुन्हां नीट पाहिला, तर त्यांतही एक अट घातलेली दिसेल: परिचारक हित इच्छिणारा असावा. लागलीच पुढें परिचारकाचेही पांच गुण येतात. औषध सिद्ध करणें, पथ्यापथ्य ओळखणें, लोभानें नव्हे तर प्रेमबुद्धीनें सेवा करणें, मलमूत्राची किळस न करणें आणि वेळोवेळीं धर्मकथेनें धीर देणें. या दोन याद्या एकत्र वाचल्या, म्हणजे सांगणाराचें बळ ऐकणारावर किती अवलंबून असतें, हें ध्यानांत येतें. प्रश्नावलीचा कागद हा शेवटीं ऐकण्याचाच एक प्रकार आहे. तो परक्या बोलींत, परक्या घरांतल्या कामांविषयीं विचारूं लागला, तर त्याला उत्तर मिळेल, पण साक्ष मिळणार नाहीं.

तेव्हां परभाषेंतल्या प्रश्नावलींचे मराठी पाठ झाले, एवढ्यानें समाधान मानूं नये. मावळांतला भातकरी, गडचिरोलींतली गोंड बाई, गिरणगांवांतला म्हातारा कामगार यांना आपलें दुखणें कोणत्या शब्दांत आणि कोणत्या कामावांचून अडल्यामुळें जाणवतें, हें त्यांच्याशेजारीं बसून टिपावें, आणि तेथून मराठी प्रश्न रचावे. मोल्सवर्थनें १८३१ सालीं मराठीचा मोठा कोश सिद्ध केला, तेव्हां पंडितांच्या साहाय्यानें बोलींतले शब्द कष्टानें गोळा केले होते. दुखण्याच्या शब्दांचा तसा संग्रह आज व्हावयास हवा. आणि तें काम वैद्यांइतकेंच आपल्या भाषाभ्यासकांचेंही आहे.